ज्याचा चहा उरते तो खुनी

दुसरबीड,
बुद्धपौर्णिमा होऊन गेल्यावरचा रविवार. ऊन नुसतं मी म्हणून राह्यलं.

चि. प्रेमानंद,

(तुह्या डोक्यावरचे केस गेले, नाशिकात तुह्या हाताखाली माणसं हायेत, तुले 'चि.' लिहावं की 'श्री.' लिहावं यावर मी पेन तोंडात धरून बराच वेळ बसलो. शेवटी तुह्या ताईच्या, जनकाच्या फोटोकडं पाह्यलं. ती तुले शेवटपर्यंत 'पमू' म्हणे. मंग 'चि.'च बरोबर.)

तुह्या माणिकभाऊजीचा सप्रेम जयभीम. मी बरा आहो. गुडघा सकाळी कुरकुर करते, दुपारी ऐकते, संध्याकाळी पुन्हा बिघडते, म्हणजे माह्या जुन्या वर्गासारखाच हाये. तुमची सगळ्याइची खुशाली कळवजो, पण अंगठा पाठवू नोको. मागच्या खेपेले मी मोबाईलवर तुले एवढा मोठा मजकूर लिहिला, गुडघ्याचं लिहिलं, डॉक्टर काय म्हणाला ते लिहिलं, आंगणातल्या आंब्याले यंदा मोहोर कसा आला ते लिहिलं, आणि तुह्याकडून आला एक पिवळा अंगठा. तो गुडघ्याले होता की मोहोराले, हे मले आजवर समजलं नाही. फोन केला तर तू 'हो भाऊजी, मीटिंगमध्ये आहे भाऊजी, नंतर करतो भाऊजी.' म्हणून हे पत्र. पत्राले मध्येच 'ठेवतो' म्हणता येत नाही. पोस्टात लिफाफा मागितला तर तिथल्या पोरीनं विचारलं, 'कोणत्या योजनेसाठी काका?' मी म्हटलं, 'साळ्यासाठी.'

तर लिहाले बसलो याचं कारण असं की, जासूस त्रिलोक सापडला.

झालं काय, प्रसेनजितनं पुण्याहून भिंतीएवढा टीव्ही पाठवला. 'बाबा, तुम्हाला एकटं वाटायला नको.' बाबासाहेबांच्या फोटोखाली आपला जुना शटरचा टीव्ही होता ना, त्याच जागी हा ठोकला. हा टीव्ही तोंडानं सांगितलेलं ऐकते म्हणतात. मी त्याले 'लाव बे काही तरी' म्हटलं तर ढिम्म. मंग तपासणीले साहेब आल्यावर मी जसा बोलत असे तसा बोललो, 'कृपया जासूस त्रिलोक ही जुनी मालिका दाखवावी,' तर लेका काय सांगू, सगळे भाग समोर! कोण्या भल्या माणसानं जुन्या कॅसेटी जपून ठेवल्या होत्या, त्या इंटरनेटवर टाकल्या. चित्र हलते, मधूनच आडव्या रेघा येतात, पण ते तर आपल्या वेळीही येत. उलट रेघा आल्या तेव्हाच मले ओळख पटली.

आता हे पाहा, आपण दोघं त्या त्रिलोकचे एवढे भक्त. तू शाळेसाठी आमच्याकडं राहाले आला तेव्हा पाढे पाठ नव्हते, पण त्रिलोकचे डायलॉग पाठ. पण आता म्हातारपणी सगळे भाग ओळीनं पाह्यले आणि मले धक्काच बसला. अरे, तो माणूस शक्यच नाही! आधी त्याचा कोटच घे. मुंबईतला उन्हाळा, सेठ पंख्याखाली निथळून राह्यला, आणि हा लोकरीचा कोट घालून, कॉलर वर करून उभा. त्या कोटातून भिंग निघते, दोरी निघते, पिस्तूल निघते, एका भागात तर जिवंत कबूतर निघालं. मंग त्याचा पाय. लढाईत गोळी लागली म्हणून तो पहिल्या भागात डाव्या पायानं लंगडते. पुढं कधी तरी उजव्या पायानं लंगडाले लागते. मधल्या एका भागात कोणत्याच पायानं लंगडत नाही, कारण त्यात त्याले घोड्यावर बसवेल हाये. आणि असा लंगडा माणूस गच्च्याइवरून उड्या मारत चोर पकडते, आणि चोर धडधाकट असून दमते! त्याचं नाक तर विचारूच नोको. बुटाची माती नाकाजवळ नेली की, 'यह मिट्टी नदी के उस पार की है.' अन् तो जाड्या इन्स्पेक्टर आठवते का? दर भागात चुकीचा माणूस धरते आणि शेवटी त्रिलोकले सलाम ठोकते. जिल्हा परिषदेत मी एवढ्या चुका केल्या असत्या तर माही बदली सरळ जिल्ह्याच्या पार त्या टोकाले, वरवट बकालले झाली असती. आणि सगळ्यात मोठी कमाल खुन्याची. त्रिलोककडं पुरावा काय, तर शर्टाची एक गुंडी. कोणीही शहाणा म्हणीन, 'पडली असन बुवा गुंडी, मंग?' पण नाही. त्रिलोकनं बोट दाखवलं की तो ढसाढसा रडते, लहानपणापासूनची कहाणी सांगते आणि बेडीसाठी आपणहून हात पुढं करते. मी आख्खी नोकरी 'खडू कोणी फेकला' म्हणून विचारत राह्यलो, एकाही लेकानं कबूल केलं नाही.

पण आपल्या घरात खरं जासूसपण कोणाचं होतं, ते तुले माहीत हाये. आपण दोघं टीव्हीसमोर डोळे फाडून बसेल, आणि जनका आत भाकरी थापून राह्यली. दारातून एकदा वाकून पाहे आणि म्हणे, 'तो डॉक्टर.' आपण म्हणू, 'काऊन?' तर म्हणे, 'त्यानं चहा पेला नाही.' बस, एवढंच. तिचं म्हणणं असं की मनात काळं असलं की घशाखाली चहा उतरत नाही. सगळ्याइच्या पुढं कप येते, बाकीचे पितात, ज्याचा चहा उरते तो खुनी. मी आता मुद्दाम भाग थांबवून थांबवून कप तपासले. लेका, दर वेळी बरोबर! (माहा अंदाज असा की शेवटचं रडणं आणि भाषण खुन्यालेच असते, त्या बिचाऱ्या नटाले चहा प्याले फुरसत कुठं? पण हे मी जनकाले सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, 'मंग तेच तर मी म्हणून राह्यली.')

तिचा आणखी एक प्रश्न असे. 'याचे कपडे कोण धुते? याले घरी गेल्यावर जेवाले कोण वाढते?' आपण दोघं तिले 'श्श' करू. आता पाह्यलं तर खरंच, एकाही भागात तो जेवत नाही. त्याले घरच नाही. शेवटी सेठ आपल्या बायकोजवळ जाते, इन्स्पेक्टर ठाण्यात जाते, आणि हा कॉलर वर करून रिकाम्या रस्त्यानं एकटा चालत जाते आणि वरून नावं सरकतात. तेव्हा ते आपल्याले काय भारी वाटे! तू तर जाहीर केलं होतं की मीही मोठा झालो की एकटाच राहीन. आता मले तो रस्ता पाहवत नाही. नावं यायच्या आधीच मी बंद करतो.

आता मुद्द्यावर येतो. शेवटचा भाग आठवते? आख्खी गल्ली आपल्या घरात. सेठच्या बंगल्यात खून, दिवाणखान्यात सेठाणी, मुनीम, डॉक्टर आणि मुका माळी, असे सगळे जमवेल. त्रिलोकनं हात वर केला, म्हणाला, 'खूनी इसी कमरे में है, और उसका नाम है...' आणि लाईट गेली. गल्लीनं असा काही आवाज केला की बसस्टँडवरची माणसं पळत आली. मी तर छतावर जाऊन अँटेना हलवली, जशी काही लाईट अँटेनातूनच येते. आणि त्या अंधारात जनका हसून राह्यली. 'मले माहीत हाये कोण ते.' मी म्हटलं, सांग. तर म्हणे, 'तुम्हाले नाही सांगत. तुम्ही गुरुजी. चूक निघाली तर लाल शाई मारसान.' आणि तिनं तुह्या कानात नाव सांगितलं, शपथ घातली, आणि तू फिसकन हसला. लाईट आली तोवर त्रिलोक संपेल होता. तो भाग पुन्हा कधी लागला नाही.

तर तो भाग आता माह्याजवळ हाये. बाकी सगळे पाह्यले, त्याले हात लावला नाही. तो तुह्यासाठी ठेवेल हाये. तू ये, आपण दोघं बसून पाहू. एवढंच सांगायचं होतं खरं म्हणजे, पण मधल्या काळात इकडं एक भानगड झाली, आणि ती तुह्या कानावर दुसरीकडून यायच्या आधी मीच सांगितलेली बरी.

त्याचं असं हाये, दिवस कसाही जाते. सकाळी विहार झाडून घेतो, पेपर वाचतो, दुपारी पडतो, चार वाजता बसस्टँडवर जाऊन मेहकरची, जालन्याची गाडी पाहून येतो, कोणी उतरते का. (लोक उतरतात. माह्याकडं येणारं कोणी उतरत नाही.) पण संध्याकाळ मोठी वाईट बे. जनका गेल्यापासून संध्याकाळी घर असं काही गप्प होते की माह्याच चपलेचा आवाज मले मोठा वाटते. म्हणून मी त्रिलोक मोठ्यानं लावतो. घरात माणसाइचे आवाज पाहिजेत, मंग ते खुनी का असेनात. शेजारचा पंजाबराव सकाळी बैलाले पाणी दाखवता दाखवता विचारते, 'गुरुजी, काल तुमच्या घरी कोणाचा मुडदा पडला?' मी सांगतो, 'मुनिमाचा.' तो म्हणते, 'वाईट झालं.'

अशात एक दिवस घरातला गंज गायब झाला. (तुम्ही नाशिककर त्याले पातेलं म्हणता. तू लहानपणी गंजच म्हणे, विसरू नोको.) जनका ज्यात वरण शिजवे तोच, बुडाले पोचा आलेला. मी एकटा माणूस, एक ताट, एक वाटी आणि तो एक गंज, एवढ्यावर माहा संसार चालते, बाकीची भांडी मांडणीवर आहेत तशी हायेत, त्याइले मी हात लावत नाही. आणि नेमका तोच नाही. साधा माणूस म्हणाला असता, ठेवला असन कुठं तरी. पण मी त्या आठवड्यात त्रिलोकचे लय भाग पाह्येल होते.

कोट नव्हता म्हणून रेनकोट घातला. हो, एवढ्या उन्हात. शाळेतलं नकाशे पाह्याचं भिंग काढलं. आधी घटनास्थळ, म्हणजे ओटा पाह्यला. तिथं मुंग्या सोडून काही सापडलं नाही. मंग संशयित. घरात येणारं-जाणारं पंजाबरावचं घर सोडून कोण हाये? त्याची बायको शालूबाई भाजी देऊन जाते, तिची सून वैष्णवी कधी पेपर न्याले येते. म्हणून दुपारी सगळे झोपेल असताना मी त्याइच्या दारात गेलो आणि एकेक चप्पल नाकाजवळ धरून माती हुंगली. आता आपल्याकडं जिकडं तिकडं काळीच माती. पंजाबरावच्या चपलेले तीच, शालूबाईच्या चपलेले तीच, माह्या चपलेले तीच. पंजाबरावच्या चपलेले शेणाचा वास होता, त्यावरून 'हा इसम गोठ्यात जातो' एवढा निष्कर्ष निघाला. तेवढ्यात दारात वैष्णवी. म्हणाली, 'गुरुजी, काही हरवलं का?' माह्या एका हातात भिंग, दुसऱ्या हातात तिच्या सासऱ्याची चप्पल, अंगात रेनकोट, कपाळावरून घामाची धार. मी म्हटलं, 'चालू द्या तुमचं,' आणि निघालो. जाताना थोडा लंगडलोही. (गुडघ्यामुळं. पण तिले काय माहीत.)

तिनं प्रसेनजितले फोन केला. प्रसेनजितनं मले केला. 'बाबा, तुम्ही लोकांच्या चपला हुंगताय?' मी म्हटलं, 'तपास सुरू हाये.' मंग त्यानं हळूच विचारलं, 'बाबा, आज वार कोणता?' त्यानं सकाळी फोन केला, दुपारी केला, संध्याकाळी केला, दुसऱ्या दिवशी सुनेनं केला, नातवानं केला, नातवानं तर मले सतराचा पाढा म्हणाले लावला. खरं सांगू का पमू? मले लय बरं वाटलं. एवढे फोन मले वर्षभरात आले नव्हते. मनात असंही येऊन गेलं की उद्या कोणाची छत्री हुंगून पाहावी.

आणि मंग पुरावा सापडला. शालूबाईनं गंजभर आंब्याचा रस पाठवला. (लोक मायेचे हायेत, त्यात काही म्हणणं नाही. जो माणूस चपला हुंगते त्याले रस पाठवाले मन मोठं लागते.) रस संपवला, गंज घासाले घेतला, उलटा केला, आणि बुडावर नाव कोरेल: 'सौ. जनकाबाई माणिकराव, दुसरबीड.' माहा हात तिथंच थांबला. नळ चालूच राह्यला. तिचं नाव वाचून मले असं झालं की ती आताच इथं उभी होती आणि पदराले हात पुसून आत गेली. घरात तिचं नाव कोणी घेत नाही आता, कोण घेईन? त्या नावावरून मी बोट फिरवत बसलो. आणि मंग माह्यातला जासूस जागा झाला. चोरी! माह्या बायकोच्या गंजात मलेच रस! आता माह्या गंजाले पोचा होता आणि याले नव्हता, ही गोष्ट माह्या ध्यानात आली नाही असं नाही. पण त्रिलोकनं असल्या बारीकसारीक गोष्टीचा विचार कधी केला?

संध्याकाळी रेनकोट घालून गंज कोटाखाली लपवला आणि पंजाबरावच्या ओसरीवर गेलो. म्हटलं, सगळे इथं जमा. पंजाबराव आला, शालूबाई आली, वैष्णवी पोराले कडेवर घेऊन दारात उभी राह्यली. तिनं चहा आणला. पंजाबरावनं बशीत ओतून फुर्रकन पेला. शालूबाईनं पेला, वैष्णवीनं उभ्या उभ्याच पेला. मी म्हटलं, 'आधी तपास, मंग चहा,' आणि कप तसाच बाजूले ठेवला. मंग उठलो, ओसरीवरून दोन चकरा मारल्या आणि हात वर करून म्हटलं, 'गुन्हेगार याच घरात हाये!' पंजाबराव म्हणे, 'गुरुजी, घाम पुसा आधी, चक्कर येईन.' मी कोटाखालून गंज काढला, उलटा केला आणि नाव दाखवलं.

शालूबाईनं नाव पाह्यलं. माह्याकडं पाह्यलं. आणि मंग ती बाई जी हसाले लागली, भिंतीले टेकून हसली, खाली बसून हसली. म्हणाली, 'अहो गुरुजी, हा आमच्या दीपकच्या लग्नातला आहेर हाये! तुमच्या जनकाबाईनं देल्ला. आहेराच्या भांड्यावर देणाऱ्याचं नाव राह्यते का घेणाऱ्याचं? आणि आणला कोणी होता? तुम्हीच तर काखेत धरून आणला होता, मांडवात मले म्हणाले, वहिनी, हा कुठं ठेवू?'

प्रेमानंद, हे मले माहीत नव्हतं असं हाये का? आख्ख्या मुलखात शेंबड्या पोराले माहीत हाये. लग्न आलं की जनका भांड्याच्या दुकानात जाई, बाहेर तो मशीन घेऊन बसलेला माणूस कुर्रर्र करून नाव घाली, आणि मी शेजारी उभा राहून स्पेलिंग तपासल्यासारखं तिचं नाव तपासून घेई. (एकदा त्यानं 'जनाकाबाई' घातलं तर मी नवीन भांडं घ्याले लावलं.) पण त्या दिवशी मले फक्त तिचं नाव दिसलं. तिचं नाव हाये म्हणजे ते माह्या घरचं हाये, याच्यापुढं माही अक्कल गेलीच नाही.

शालूबाई डोळे पुसत म्हणाली, 'तुमच्या घरच्या भांड्याइवर कोणाची नावं हायेत ते पाहा आधी. त्या हिशोबानं तर सगळ्यात मोठे चोर तुम्हीच!' पंजाबरावही हसला, वैष्णवी हसली, कडेवरचं पोरगंही काही न समजता हसलं. मी हसाले म्हणून तोंड उघडलं आणि माही नजर खाली गेली. तिघांचे कप रिकामे. बाजूले एकच कप भरेल, त्यावर जाड साय धरेल. माहा. पमू, ज्याचा चहा उरते तो. जनका असती तर तिनं दारातूनच बोट दाखवलं असतं. मी तो थंडगार चहा सायीसकट एका दमात पेलो आणि घरी आलो.

घरी येऊन मांडणीवरची सगळी भांडी खाली काढली. एकेक उलटं करून वाचत गेलो. माह्या घरात माह्या नावाचं एकही भांडं नाही रे. एका परातीवर तुह्या मायचं नाव, महामायाबाई. कळशीवर वच्छलाबाई रामराव, त्या गेल्या त्याले किती वर्षं झाली. एका डब्यावर 'सहशिक्षक वर्ग' एवढंच. (त्यात वर्गणी न देणारा एक जण होता, त्याचंही नाव त्यात लपून गेलं.) आणि सगळ्यात मागं एक लहानसा लोटा, त्यावर, 'ताईस, प्रेमानंदकडून, पहिल्या पगाराचा.' तो लोटा मी घासला आणि पुढं ठेवला. तेवढ्या भांड्याइमध्ये मी जमिनीवर बसून राह्यलो. माणसं एवढी, आणि घरात आवाज नाही. रडलो म्हटलं तरी चालन, इथं पाहाले कोण होतं?

हां, आणि हरवलेला गंज सापडला. कुलर गळत होता म्हणून मीच त्याच्याखाली ठेवेल होता. काठोकाठ भरेल होता. खुनी नेहमी घरातलाच निघते, एवढं तरी त्रिलोकनं खरं सांगितलं.

तर असं हाये सगळं. तुह्यावर माहा राग नाही. जनका गेली तेव्हा तू आला, तिच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाले आला, त्यानंतर मात्र तुही चप्पल या दारात दिसली नाही. (दिसली तर मी हुंगणार नाही, लेखी देतो.) कामं असतात, पोराइच्या परीक्षा असतात, नाशिक काही जवळ नाही, सगळं मले समजते. पण कधी कधी बसस्टँडवर उभा असलो की वाटते, बहीण गेली म्हणून भाऊजीचं घर तुले परकं झालं का बे? तू या घरातून शाळेत गेला. तुही खाट अजून मागच्या खोलीत हाये. एखादी सुट्टी काढून ये. शेवटचा भाग तसाच ठेवेल हाये, अजून लावला नाही, आपण दोघं मिळूनच पाहू.

सूनबाईले जयभीम, पोराइले भरपूर माया. आणि पत्राचं उत्तर पत्रानं देजो, नाही तर स्वतः येऊन देजो.

तुहा,
माणिकभाऊजी

ता. क. : शालूबाईचा गंज परत केला. रिकामं भांडं कसं देणार, म्हणून त्यात भुईमुगाच्या शेंगा भरल्या. जाताना चहा मी स्वतः मागितला आणि सगळ्याइच्या आधी संपवला. प्रसेनजितले कळव की माहं डोकं ठिकाणावर हाये. किंवा नोको कळवू. फोन येऊन राह्यले, येऊ दे.

आणखी ता. क. : वर लिहिलं ते खरं नाही. शेवटचा भाग मी पाह्यला. परवाच, भांडी आवरून झाल्यावर. राहवलंच नाही. खुनी कोण निघाला ते इथं लिहीत नाही. कोणाचा चहा उरते ते पाहत होतो, पण नेमक्या कपावर आडव्या रेघा आल्या, आणि तोवर माह्याच हातातला चहा थंड झाला. भाग संपला. बाजूले वळून 'पाह्यलं का' म्हणाले गेलो, तर कोणी नव्हतं. वरून नावं सरकतात ती या खेपेले मी शेवटपर्यंत पाह्यली.

शेवटचं ता. क. : हे सगळं पत्र खरं तर एकाच गोष्टीसाठी लिहिलं. त्या अंधारात जनकानं तुह्या कानात कोणाचं नाव सांगितलं होतं? मी आयुष्यभर तिले विचारलं नाही, म्हटलं, घाई काय हाये. आता खुनी कोण ते मले माहीत हाये, पण तिचं बरोबर होतं का ते माहीत नाही, आणि ते सांगणारा तू एकटाच उरला. फोनवर सांगू नोको. अंगठा तर मुळीच पाठवू नोको. इथं येऊन, तिच्या फोटोसमोर बसून, माह्या कानात सांगजो. आणि आठवत नसन तरी ये. कोणाचंही नाव घेजो. मी म्हणीन, बरोबर हाये, तोच होता.